केविनरायाची आरती

चवथीच्या दुसऱ्या रात्री गणपतीच्या आरत्या आटोपल्या, मंत्रपुष्पांजली झाली आणि थोरला भाऊ घुमट, म्हणजे चामडे ताणलेले मातीचे वाद्य, खुंटीला अडकवायला निघाला, तेवढ्यात त्याच्या मुलाने त्याचा हात धरला. "बाबा, थांबा. अजून एक आरती राहिली आहे." घरातली सहा-सात मुले पडवीत केव्हाच जमली होती. पाट मांडला होता, भोवती रांगोळी घातली होती आणि पाटावर कागदावर छापलेले केविन मॅक्लाउड या अमेरिकन संगीतकाराचे छायाचित्र भिंतीला टेकवून ठेवले होते. त्याला इअरफोनच्या वायरची माळ घातली होती. पुढे विड्याच्या पानावर सुपारीच्या जागी पेन ड्राइव्ह होता आणि शेजारच्या राऊटरला गंधाचे बोट लावले होते. बारा वर्षांच्या पुतणीने, जिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो, निरांजन हातात घेतले. मुलांनी झांजा उचलल्या आणि पुतण्याने खड्या आवाजात सुरुवात केली.

"मांजर फळीवरुनी घसरे, पडे खाली,
तुझ्याच पाव्याने त्या पडण्या शोभा आली ।
काकांची लुंगी कुंपणात अडकली,
तुझीच चाल तेथे हळूच वाजली ॥
जय देव जय देव जय केविनराया,
फुकटात दिधली तू सुरांची माया ॥"

धृपदाला सगळी मुले एका सुरात आली. माझी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "देवाच्या घरात असली चेष्टा बरी नव्हे," असे ती म्हणाली खरी, पण पुढच्या कडव्याला तिलाही हसू आवरले नाही. भावाने क्षणभर माझ्याकडे पाहिले, घुमटाचा पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला आणि ठेका धरला. त्यानंतर पडवी अशी दणाणली की शेजारच्या आजी काठी टेकत पाहायला आल्या. मी हसले, टाळ्याही वाजवल्या. तरीही त्या रात्री हळदीच्या पानातल्या पातोळीचा वास हातांना येत असताना मी बराच वेळ जागी होते आणि मनात काहीतरी टोचत होते. टोचणी देवाच्या चेष्टेची नव्हती. आमच्या परंपरेत देवाशी इतकी सलगी आहे की जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या आणि त्या शिव्या आपण टाळ कुटत भक्तिभावाने गातो. जिथे देवाला माणसासारखे वागवता येते, तिथे एखाद्या माणसाला घटकाभर देवासारखे वागवले तर त्यात काही बिघडत नाही. मुलांच्या हसण्याखाली खरे प्रेम होते, हेही मला दिसत होते. दिवा ओवाळताना धाकटीने निरांजनाची वात छायाचित्राच्या कागदाला लागू नये म्हणून दुसरा हात आडवा धरला होता, आणि असा हात चेष्टा करणारा माणूस धरत नाही.

कशाने टोचले ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळले.

पुतण्याने आमच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगतात त्या चौकटीचा, तीन मिनिटांचा व्हिडिओ तयार केला होता. सुपारीचे घोस, नारळांचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे आणि भावाने रानातून आणलेली कांगण्यांची फळे एकेक करून चौकटीला बांधली जात होती. मधेच नेवऱ्यांच्या डब्याकडे एक लहान हात सरकत होता आणि त्या वेळी, तांदळाच्या पोत्यामागून कोणी चवड्यांवर चालत यावे, तसे एक मिश्कील संगीत वाजत होते. ही चाल कोणाची ते आता मला ठाऊक झाले होते. 'स्नीकी स्निच' ही केविन मॅक्लाउड यांची रचना जगातल्या लाखो चित्रफितींत असेच कोणाचे तरी चवडे वाजवत असते. व्हिडिओ संपला आणि नावे आली. चित्रीकरण, संकलन, माटोळी बांधणारे, नेवऱ्या करणारी आई, अशी सर्वांची नावे होती. संगीतापुढे मात्र काहीच नव्हते. 'संगीत' हा शब्दच नव्हता.

"काल ज्याला ओवाळलेस त्याचे नाव कुठे आहे?" मी विचारले.

"आत्ये, ते सगळ्यांना माहीतच असते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. त्याला मनापासून तसे वाटत होते. मी आग्रह धरल्यावर त्यानेच मला संकेतस्थळ उघडून सारे समजावून सांगितले. ग्रीन बे, विस्कॉन्सिन येथे १९७२ साली जन्मलेल्या या संगीतकाराने दोन हजारांहून अधिक रचना लोकांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. कोणीही घ्याव्यात, कापाव्यात, जोडाव्यात, स्वतःच्या कामात वापराव्यात, त्यातून पैसेही मिळवावेत. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली त्या दिल्या आहेत त्याची मुख्य अट एकच आहे : रचनेचे आणि रचणाऱ्याचे नाव द्या, परवान्याचा उल्लेख करा. ज्यांना नाव देणे जमत नाही किंवा द्यायचे नाही, त्यांच्यासाठी पैसे भरून दुसरा परवाना घेण्याची सोय आहे. मी हे दोनदा वाचून घेतले. संगीताला मोल नाही, मोल आहे ते नाव न घेण्याला. नामस्मरणाबद्दल आयुष्यभर जी कीर्तने ऐकली त्यांतल्या एकाही बुवांनी नामाची किंमत इतकी नेमकी सांगितली नव्हती.

येथे मला माझ्या वडिलांकडे जावे लागते. गावात त्यांना आप्पा मास्तर म्हणत. ते प्राथमिक शाळेत शिकवत आणि संध्याकाळी देवळात भजनाला बसत. त्यांच्या पेटीची वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर येत नसे, म्हणून तिच्याखाली त्यांनी आगकाडीचा तुकडा घातला होता. तो तुकडा निसटला की चाल तिथेच थांबे, आप्पा खिशातली काडेपेटी काढत, नवी काडी नखाने मोडत आणि पुन्हा सुरू करत. अशाच थांबत-थांबत त्यांनी एका जुन्या अभंगाला नवी चाल लावली. मी तेव्हा सातवीत होते. अंतरा जमेना म्हणून त्यांनी आठ दिवस आईशी नीट बोलणे टाकले होते आणि नवव्या दिवशी विहिरीवर दोर ओढताना त्यांना तो सुचला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. कळशी काठावर तशीच सोडून ते ओल्या धोतरानिशी पेटीकडे धावले होते. ती चाल गावाने उचलली, मग शेजारच्या गावाने, मग सप्ताहात दुसऱ्या पारांनी, म्हणजे भजन म्हणणाऱ्या गटांनी. काही वर्षांनी तालुक्याच्या ठिकाणी भजनी स्पर्धा होती आणि एका पथकाने तीच चाल म्हटली. उत्तम म्हटली. निवेदकाने आधी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले होते, "चाल पारंपरिक." मी आप्पांच्या शेजारी लोखंडी खुर्चीवर बसले होते. मला कानशिलात बसल्यासारखे झाले. आप्पांनी मांडीवर ठेका धरला होता, तो त्यांनी थांबवला नाही. परतताना बसमध्ये मी चिडून बोलत राहिले. खिडकीबाहेर पाहत ते एवढेच म्हणाले, "बाये, पारंपरिक व्हायला चालींना शंभर वर्षे लागतात. आमची दहा वर्षांत झाली." हा अभिमान होता की दुखणे, हे मला त्या दिवशी कळले नाही. आजही मी त्याचा निवाडा करू शकत नाही. पण त्यानंतर त्यांनी दुसरी चाल लावली नाही, हेही खरे आहे.

'सगळ्यांना माहीतच असते' आणि 'पारंपरिक' यांत मला फरक दिसत नाही.

आपल्या संतकवींनी या विस्मरणाची सोय आधीच करून ठेवली होती. तुकोबांचा अभंग तोंडातोंडी कुठेही गेला तरी शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' येतेच. आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या पालये गावी जन्मलेले सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात पदे रचून गेले, त्यांच्या पदांत 'सोहिरा म्हणे' असते. आमच्या मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींनी सोहिरोबांचे पद गायले आणि ते घराघरांत पोहोचले, तेव्हा कवीचे नावही त्याच सुरावर बसून गेले, कारण नाममुद्रा वेगळी काढली तर चरणच मोडतो. कवीला ही सोय आहे. नुसती चाल लावणाऱ्याला ती नाही. सुरांत नाव कोरता येत नाही. बासरीचा एखादा तुकडा कितीही ओळखीचा असला तरी तो 'मॅक्लाउड म्हणे' असे कधी म्हणत नाही. त्यासाठी वापरणाऱ्यानेच तोंड उघडावे लागते.

फोंडा तालुक्यात राहून या विषयावर विचार करताना गायिका केसरबाई केरकरांची आठवण टाळता येत नाही. त्यांचे केरी गाव आमच्यापासून फार लांब नाही. केसरबाई ध्वनिमुद्रणाला फारशा राजी नसत आणि आकाशवाणीवर गाणे त्यांना मान्य नव्हते. ज्याला ऐकायचे आहे त्याने समोर येऊन बसावे, असा त्यांचा बाणा. ज्याने आपले सगळे कोठार उघडे टाकले त्या विस्कॉन्सिनच्या माणसाच्या अगदी उलट टोकाला उभी असलेली ही बाई. तरीही १९७७ साली व्हॉयेजर या अमेरिकन अवकाशयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यावरच्या सत्तावीस संगीतरचनांत त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मी शाळेत शिकवत असताना हे वर्गात अभिमानाने सांगत असे. पण त्या तबकडीची यादी मी पहिल्यांदा काळजीपूर्वक वाचली ती या चवथीत. केसरबाईंच्या गाण्यापुढे 'गायिका : सूरश्री केसरबाई केरकर' अशी नोंद आहे, त्यांच्या पदवीसकट. त्याच यादीत पेरू देशातले एक लग्नगीत आहे. त्याच्यापुढे गाणाऱ्या मुलीचे नाव नाही. ज्याने ते ध्वनिमुद्रित केले त्याचे नाव आहे. सेनेगलच्या तालवाद्यांचेही तसेच. हे वाचल्यावर मला त्या पेरूच्या मुलीबद्दल जे वाटले ते मी आप्पांबद्दल बसमध्ये वाटलेल्या रागाहून वेगळे काढू शकले नाही. सूर्यमालेच्या बाहेर जाऊन पोहोचलेला आवाज, आणि तो कोणाचा हे यादी सांगत नाही.

एवढे सगळे मी पुतण्याला ऐकवले. त्याने निमूटपणे ऐकून घेतले आणि मग संकेतस्थळाचे पान खाली सरकवत म्हणाला, "आत्ये, हे बघ, ह्याच्याकडे तुझा आलेख कागदही मिळतो."

मी पाहिले आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. तो रकाना माझ्या ओळखीचा होता. मी अनेक वर्षे गणित शिकवले. नववी-दहावीच्या मुलांना आलेखाचा कागद विकत आणा म्हटले की निम्म्या मुलांकडे तो नसे. कोणीतरी संगणकाच्या खोलीत मला 'इन्कॉम्पिटेक' नावाचे संकेतस्थळ दाखवले होते. तिथे रेघांमधले अंतर, जाडी, रंग सांगितला की हवा तसा आलेख कागद छापण्यासाठी तयार मिळतो, तोही फुकट. सेंटिमीटरचे चौकोन, त्यात बारीक मिलिमीटरच्या रेघा, निळसर रंग. त्यावर मुलांनी किती रेषा काढल्या आणि किती छेदनबिंदू शोधले त्याची गणती नाही. हे पान ज्याने बनवले तोच हा संगीतकार आहे, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असण्याचा मार्ग मीच बंद केला होता. कागदाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत त्या जागेचा पत्ता छापून येई. झेरॉक्स काढताना ती ओळ काळपट उमटे आणि खालचा समास असमान दिसे, म्हणून मूळ प्रत मी काचेच्या टेबलावर ठेवून, पोलादी पट्टी धरून, ब्लेडने तेवढी कडा कापून टाकली होती. कापलेली ती बोटभर रुंदीची पट्टी टोपलीत टाकताना माझ्या मनात काहीही आले नाही. मला आठवते ते एवढेच की कड सरळ कापली गेली याचे समाधान वाटले होते.

म्हणजे त्या निवेदकाने ध्वनिक्षेपकावर जे केले तेच मी शाळेच्या टेबलावर केले होते, आणि तेही आप्पांची मुलगी असून.

मी हे पुतण्याला सांगितले. तो काहीच बोलला नाही, पण त्याने तिथेच बसून व्हिडिओखालच्या मजकुरात रचनेचे नाव, संगीतकाराचे नाव, संकेतस्थळ आणि परवाना असे सगळे भरले. मग विचारले, "काल रात्रीच्या भजनाचा व्हिडिओ टाकायचा आहे. त्यात आजोबांची चाल आहे ना? काय लिहू? कागदोपत्रीचे नाव की आप्पा मास्तर?" मी म्हटले, "गाव ज्या नावाने हाक मारत होता ते लिही." त्याने लिहिले. 'चाल : आप्पा मास्तर.' मी ती ओळ पाहत राहिले. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी आप्पांना ती आवडली असती का, अशी शंकाही आली. शंभर वर्षांची वाट दहा वर्षांत चालून गेलेली त्यांची चाल मी पुन्हा घराच्या दावणीला आणून बांधली, असे तर त्यांना वाटले नसते? वहिनीला मी हे विचारले. खतखत्यात तिरफळे टाकता टाकता ती म्हणाली, "नाव घेतल्याने कोणाची चाल अडत नाही. आरतीत रामदासांचे नाव येते म्हणून आपण ती थांबवली का?" मला ते पटले, पण पूर्ण पटले असे म्हणवत नाही.

पाचव्या दिवशी विसर्जन होते. दुपारी उत्तरपूजेच्या आधी शेजारच्या आजी पुन्हा आल्या. त्यांना ती 'हसरी आरती' आणखी एकदा ऐकायची होती. मुलांनी उत्साहाने पाट मांडला. आजींनी खुर्चीवर नीट बसून घेतले आणि आम्हा कोणालाच तीन दिवसांत न सुचलेला प्रश्न विचारला.

"पण ही आरती रचली कोणी?"

आम्ही सगळ्यांनी पुतण्याकडे पाहिले. तोच पुढे उभा राहून म्हणत होता, त्यालाच भावाने शाबासकी दिली होती, त्यालाच मी पहिल्या रात्री 'छान जुळवलेस हो' म्हटले होते. त्याने मान हलवून मागे बोट केले. धाकटी दाराच्या आड उभी होती. हातात तेच निरांजन, आणि त्यात वात लावायची राहिलेली. "मी," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "पण यमके दादाने दुरुस्त केली." मला तिच्याकडे पाहणे जड गेले. तीन दिवस मी नावाचे पुराण लावले होते, पेरूच्या अनोळखी मुलीसाठी हळहळले होते आणि घरातल्या मुलीला एका शब्दाने विचारले नव्हते. भावाने तिला जवळ बोलावले. "मग शेवटचे कडवे कुठे आहे?" तो म्हणाला. "आरतीला शेवटचे कडवे लागते. त्यात रचणाऱ्याचे नाव येते. जा, तासाभरात घालून आण."

ती माझ्याकडे कागद मागायला आली. माझ्या कपाटात जुन्या आलेख कागदांचा एक गठ्ठा अजून होता, तळाची कड कापलेला. त्यातला एक मी तिला दिला आणि ती तुळशीच्या पायरीवर जाऊन बसली. एका चौकोनात एक अक्षर, अशी ती मांडणी करत होती. मी लांबून पाहत होते. 'मॅक्लाउड' पाशी ती अडली. भावंडांपैकी दोघे म्हणत होते की इंग्रजी अक्षरांप्रमाणे तो 'मॅक्लिओड' होतो. तिने मोबाइलवर उच्चार तीनदा ऐकला, 'मॅक्लाउड' हेच खरे असे ठरवले आणि खोडून पुन्हा लिहिले. उच्चाराचा ठेका बदलल्याने तिला पुढची ओळ नव्याने बसवावी लागली. गणपती उठवायची वेळ झाली, बाहेर मुले फटाक्याची माळ उलगडत होती, वहिनीने शिदोरीसाठी दही-पोह्यांची वाटी भरली होती, तेव्हा ती कागद घेऊन आली.

"दाम नको तुजला, नको मोठे मोल,
केविन मॅक्लाउड, इतुका एक बोल ।
राहिले जे नाव, घेते ते आज,
धाकटी म्हणे, देवा, राखी आमुची लाज ॥"

पहिल्यांदा 'मॅक्लाउड' वर सगळ्यांचीच जीभ अडखळली आणि ठेका पुढे निघून गेला. भावाने हात वर करून थांबवले. डाव्या तळव्याने घुमटाचे तोंड झाकले, उघडले, उजव्या हाताची बोटे चामड्यावर दोनदा हलकी टेकवून लय थोडी सावकाश केली. दुसऱ्यांदा ते नाव नीट बसले. आजी मान डोलावत होत्या. शेवटच्या ओळीला धाकटी एकटीच म्हणत होती, कारण इतरांना ती पाठ नव्हती. 'धाकटी म्हणे' येथे तिचा आवाज अगदी बारीक झाला, तेव्हा भावाने घुमटावरचा हात आखडता घेतला आणि ते दोन शब्द दारापर्यंत ऐकू जातील एवढी जागा करून दिली.